आधी कळस

आमच्या कडेगावात मोहरमचे ताबूत बांधायची रीत उलटी आहे. आधी कळस, मग पाया. वरचा मजला आधी बांधून होतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. बकरी ईद झाली की कामाला हात लागतो आणि मोहरमला शंभर फुटांच्या वर गेलेले ताबूत माणसांच्या खांद्यांवर निघतात. हिंदूंचे ताबूत, मुसलमानांचे ताबूत, सगळे एका जागी येऊन भेटतात. परगावचा माणूस मान वर करून बघतो आणि विचारतो, हे उभं राहतं कसं? आम्हालाही ते नीट सांगता येत नाही. लहानपणापासून बांबूला सूत गुंडाळत आलो, एवढंच.

ही रीत ताबुताला चालते. जुनी मोटार विकत घेऊन तिची शर्यतीची गाडी करायची असेल तर मात्र चालत नाही. हे शिकायला आम्हाला तीन वर्षं लागली.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला बी. एड. होऊन उर्दू माध्यमाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. धाकट्यानं नववीत शाळा सोडली, गॅरेजात गेला, आणि आज कऱ्हाड-विटा रस्त्याच्या कडेला त्याचं स्वतःचं पत्र्याचं गॅरेज आहे. लिहिण्याचं काम थोरल्याकडे आलं, कारण त्याचे हात स्वच्छ असतात, असं धाकट्याचं म्हणणं. पण गाडी दोघांची, उधारी दोघांची आणि चुका तर अगदी निम्म्या-निम्म्या. त्यामुळं 'मी' लिहायला घेतलं की वाक्य अडतं.

गाडी म्हणजे फियाट पालिओ, १.६ लिटरचं इंजिन, २००२ सालची. थोरला तेव्हा शाळेत होता. २००१ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. मोटारीच्या शौकिनांत असल्या गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात. अर्थ साधा आहे. बाजारहाटाला न्यायची, मागं उघडणारं दार असलेली छोटी गाडी, आणि तिच्या पोटात तिच्या मापापेक्षा मोठं इंजिन. हा प्रकार जगात रुळवला तो १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयनं. कंपनीनं अंदाज बांधला होता पाच हजार गाड्यांचा. खपल्या त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे मात्र छोट्या गाडीबद्दल पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच असतो. पालिओची ताकद होती शंभर अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे त्या काळच्या मारुती ८००च्या अडीचपटीहून जास्त. पण पेट्रोल प्यायची. त्यामुळं लोकांनी तिचं कौतुक केलं आणि मारुती घेतली.

आमच्या घरी फियाट या नावाला वेगळं वजन आहे. अब्बांनी मुंबईत पंचवीस वर्षं काळी-पिवळी टॅक्सी चालवली. प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री नाव पद्मिनी असलं तरी टॅक्सीवाले तिला मरेपर्यंत फियाटच म्हणाले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. अब्बा गावी आल्यावर जेवायला बसले तरी डावा हात मधूनच वर जायचा, गिअर टाकल्यासारखा. अम्मी हसायची. ती पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि आमची पालिओही कुर्ल्यातच बनलेली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं वीस वर्षांचं आयुष्य संपलं. ती बातमी अब्बांनी दोनदा वाचून घेतली आणि पेपर घडी करून उशाखाली ठेवला.

पण गाडी आम्ही अब्बांसाठी घेतली नाही. कारण वेगळं आहे. ते लिहावं की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. धाकटा म्हणाला, लिही.

२०१८च्या जानेवारीत, रात्री साडेदहाच्या सुमाराला, आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा कऱ्हाड-विटा रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला. वय तेवीस. गेला म्हणजे कायमचा. सुर्ली घाट उतरून गावाकडं येताना एक वळण आहे, वळणावर दगडी पूल. कारखान्यांचा सीझन चालू होता, कुठल्या तरी ट्रॉलीतून ऊस सांडला होता, चाकांखाली चेचून रस्ता निसरडा झाला होता. दोन गाड्या होत्या. पैज कसली, तर कडेगावच्या फाट्यावर आधी कोण पोहोचतो. दुसऱ्या गाडीवर धाकटा होता.

तो मागं होता म्हणून वाचला. पोलिसांनी जबाब घेतला, जनाजा झाला, चाळिसावा झाला. त्या मुलाच्या अम्मीनं धाकट्याला कधी एक शब्द बोलला नाही. आमच्या दारावरून जाताना आधी ती थांबायची, ते बंद झालं. धाकट्यानं आपली मोटारसायकल विकली. दोन-अडीच वर्षं तो गॅरेजला चालत जायचा. लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा, पण ट्रायल घ्यायला पोराला पाठवायचा. मेस्तरी स्वतः ट्रायल घेत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटतं. तुटलंही.

आणि मग कोरोनाचं दुसरं वर्ष सरत असताना एका रात्री तो म्हणाला, "भाई, मेरेकू एक गाडी लेनी है. रास्ते पे नहीं चलाने की."

थोरल्याला आधी राग आला. ज्या वेगानं घरात एवढं झालं त्याच वेगासाठी पैसे? वर्गात रोज पोरांना सांगायचं, गाडी सावकाश चालवा, हेल्मेट घाला, आणि घरी शर्यतीची गाडी बांधायची? पण धाकट्याचं म्हणणं साधं होतं. "मेरी हवस गई नहीं. छुपाके रख्या हूं. कभी न कभी रास्ते पे निकलेगी." इतकं खरं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे बी. एड.ला शिकवत नाहीत.

पैसे भिशीचे. वरच्या खोलीचा स्लॅब टाकायचा म्हणून थोरल्याच्या घरात भिशी चालू होती, तिचा नंबर लागला होता. भाभीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्लॅब कब?" आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे. पत्र्याखालची ती खोली मे महिन्यात कशी तापते हे या लेखात आम्ही लिहिलंच पाहिजे, अशी तिची अट होती. लिहिलं.

गाडी सांगलीकडच्या एका गृहस्थाकडून घेतली. सत्तर हजार. चाळिसेक हजारच किलोमीटर फिरली, डॉक्टरांची गाडी, घरातच उभी असायची, असं त्यानं सांगितलं. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाकडे एक डॉक्टर असतो. आकडा मागं फिरवलेला आहे हे धाकट्याला क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर बघूनच कळलं होतं. तरी आम्ही घेतली, कारण चावी फिरवल्यावर जो आवाज आला तो ऐकून तो गप्पच झाला. पुढं कळलं की कागदावर एका कर्ज कंपनीचा बोजा तसाच आहे. ती शाखा कधीच बंद झालेली, आणि तो उतरवायला सात महिने गेले. इंजिनात पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळत होतं, तेही पुढंच कळलं. ज्याला गाड्यांमधलं कळतं तो स्वतःच्या हौसेची गाडी घेताना सगळ्यात सहज फसतो.

गाडी घरी आली आणि आम्ही ताबुतासारखं काम काढलं. आधी कळस. अलॉयची चाकं, शर्यतीची खोलगट सीट, छोटं स्टिअरिंग. हे सगळं आधी घेतलं, कारण ते दिसतं. इंजिन अजून खोलायचं होतं आणि आम्ही सीट आणून अंगणात ठेवली. मोहल्ल्यातली पोरं तिच्यात बसून तोंडानं आवाज काढायची. अब्बा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नाल लाए, घोडा किधर है?"

खरं काम मग सुरू झालं. शर्यतीची गाडी बांधणं म्हणजे काहीतरी जोडणं, असा आमचा समज होता. निम्मं काम काढून टाकण्याचं निघालं. मागची सीट, गालिचे, दारांचे पत्ते, एसी, टेप, छताचं कापड, सगळं काढलं. दीड मण तरी सामान निघालं असेल. वजन कमी झालं की गाडी लवकर उठते, लवकर थांबते आणि वळणावर टायरला कमी ओढ बसते. मग आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, गाडी उलटली तर छत डोक्यावर बसू नये म्हणून. तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. उद्यमनगरात तुम्ही कागदावर काहीही काढून न्या, एखादा म्हातारा फिटर चष्मा वर करून म्हणणार, होतंय की. पण पिंजऱ्याचे कोपरे कुठं कसे बांधायचे यावर धाकट्याचा आणि त्या फिटरचा अर्धा दिवस वाद झाला. धाकटा जिंकला. ताबुताच्या चौकटीत वारा आडवा आला तर भार कुठून कुठं जातो हे त्याच्या हाताला माहीत होतं, तेच त्यानं नळीवर दाखवलं. फिटरनं विचारलं, आयटीआय कुठली? धाकटा म्हणाला, मोहरम.

हा विनोद आम्ही सगळ्यांना सांगतो, पण त्यात एक सल आहे. धाकट्यानं शाळा सोडली ती डोकं नव्हतं म्हणून नाही. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि पुढं विज्ञानाला जायचं तर इंग्रजी. गणितात तो थोरल्यापेक्षा पुढं होता. मध्येच घरात पैशाची ओढाताण झाली आणि अब्बांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं बोलावलं. आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून अशी मुलं गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात, एसीच्या कामाला गेलेली आहेत. हातात इंजिनिअरची अक्कल आणि खिशात नववीचा दाखला. आयटीआयलाही मोटर मेकॅनिकला दहावी पास लागते. थोरला दरवर्षी जूनमध्ये घरोघर फिरून अशी दोन-तीन मुलं परत आणतो. स्वतःच्या भावाला आणायला गेला नाही. तेव्हा तो स्वतःच अकरावीत होता, हे एक कारण. दुसरं असं की एकाची फी वाचली म्हणून दुसऱ्याची भरता आली.

पालिओचं उत्पादन बंद होऊन आता पंधराएक वर्षं झाली. सामान मिळत नाही. इंजिनाच्या टायमिंगचा पट्टा आणि त्याच्या ताणाची पुली यासाठी आम्ही सांगली, कोल्हापूर, पुणे पालथं घातलं. या इंजिनात तो पट्टा म्हणजे जिवाची दोरी. पट्टा इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो-मिटतो. धावताना तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि सोळाच्या सोळा वाकू शकतात. शेवटी अब्बाच म्हणाले, मी कुर्ल्याला जाऊन येतो. सत्तर ओलांडलेला माणूस कऱ्हाडहून कोयना एक्स्प्रेसनं एकटा गेला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन दिवस फिरला आणि पुली घेऊन आला. दोनशे रुपये जास्त दिले म्हणून स्वतःवरच चिडलेला. जुन्या अड्ड्यावरचे ओळखीचे बहुतेक गेले, असं सांगितलं. एक जण भेटला, त्यानं पुलीचे पैसे घेताना कुराणाची कसम घालून भाव सांगितला, आणि अब्बांनी त्याच कसमेवर भाव पाडला.

इथून पुढं अब्बा आमच्यातले झाले. कार्बोरेटर नसलेल्या इंजिनावर त्यांचा विश्वास नव्हता. पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो हे त्यांना पटेना. पण बोनेटला कान लावून म्हणायचे, तीन नंबर का सिलेंडर लंगडा है. आणि तो असायचा.

गावाला ही गाडी कळली नाही. बैल घ्या की, म्हणाले. आमच्या भागात शर्यत म्हणजे बैलगाडीची. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली त्या बंद केल्या, तेव्हा इथं माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बसली होती. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानंही ती उचलून धरली. त्याच वर्षी विट्याजवळ भाळवणीला झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस थार गाडी होती. लाखा-लाखाचा बैल घेणारा माणूस शहाणा आणि सत्तर हजारांची फियाट घेणारे आम्ही खुळे, यात आम्हाला काही अन्याय वाटला नाही. बैलाला निदान शेण असतं. एवढंच की बैलगाडीच्या शर्यतीला माळ मोकळा करतात, दोऱ्या बांधतात. आमच्या पोरांची शर्यत चालत्या रस्त्यावर होते, समोरून एसटी येत असताना.

कायद्याचं सांगायचं तर, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं बनवलेल्या गाडीत मूलभूत बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०१७ मध्येच संपली होती. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, पण आम्ही ते केलंच नाही, फीसाठी नव्हे. गाडीला रस्त्यावर यायचा हक्कच नको होता. गेल्या तीन वर्षांत ती आमच्या अंगणातून गॅरेजपर्यंतसुद्धा स्वतःच्या चाकांवर गेली नाही, ढकलत नेली. ईदच्या दिवशी चार जणांनी विनवलं, एक चक्कर मार. धाकट्यानं चावी थोरल्याकडे दिली होती, ती थोरल्याच्या शाळेच्या कपाटात होती, हजेरीपटांच्या खाली.

वर्गात मात्र या गाडीचा उपयोग झाला. वर्तुळाकार गतीचा धडा. मराठी माध्यमात अभिकेंद्री बल, आमच्याकडे मरकज़-जू कुव्वत. शब्द पोरांना घाबरवतो. थोरल्यानं फळ्यावर एक वळण काढलं, त्रिज्या पन्नास मीटर. वळणावर गाडीला आत ओढून धरणारं बल येतं कुठून? टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून, दुसरीकडून कुठूनही नाही. कोरड्या डांबरासाठी घर्षण गुणांक ०.८ धरा. ०.८ गुणिले ९.८ गुणिले ५०, याचं वर्गमूळ. जवळजवळ २० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७१ किलोमीटर. याच्यावर गेलं की टायर धरू शकत नाही, मग चालवणारा कितीही हुशार असो. आता रस्ता निसरडा करा, गुणांक ०.४. वर्गमूळ येतं १४. ताशी ५० किलोमीटर. पोरांना सगळ्यात नवल याचं वाटलं की समीकरणात वस्तुमान उरतच नाही. ट्रक असो की मोटारसायकल, उत्तर तेच. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याला एरवी खिडकीशिवाय काही दिसत नाही, त्यानं विचारलं, "सर, ये कौनसा मोड है?"

थोरल्यानं उत्तर दिलं नाही. ती त्रिज्या त्यानं एका रविवारी पहाटे, वाहतूक नसताना, दोरी आणि टेप घेऊन स्वतः मोजून आणली होती. त्या रात्री दोन्ही गाड्या नव्वदच्या वर होत्या.

ट्रॅकचा प्रश्न शेवटचा. आपल्या राज्यात गाड्या बनतात चाकणला, रांजणगावला, पण पळवायला आम्हाला तमिळनाडू गाठावं लागलं. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक असे शर्यतवाले कोल्हापुरानं दिले आहेत. पण तो ट्रॅक मुळात गो-कार्टचा. मोटारीसाठी आम्ही कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे ठरवला. २००३ साली सुरू झालेला, २.१ किलोमीटरचा. ज्याच्या नावानं तो आहे तो एस. करिवर्धन हा भलता माणूस. मारुती ८००चं इंजिन घालून त्यानं स्वस्तातली शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती, आणि अनेक पोरं त्यावर शिकली. १९९५ साली विमान अपघातात तो गेला. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच कोइमतूरचा. धाकट्याला ही सगळी माहिती तोंडपाठ आहे. थोरल्याला ती कोइमतूरला जाताना टेम्पोत कळली, एकदा नव्हे, चारदा.

२०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. टेम्पोचं भाडं गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. केबिनमध्ये चौघे: ड्रायव्हर, अब्बा आणि आम्ही. हजारेक किलोमीटर. अब्बांनी रस्ताभर ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगितलं. तो सोशिक होता. सेलमच्या अलीकडं पहाटे चहाला थांबलो तर टपरीवाला आमच्यासारखीच दखनी बोलला. "कां से आरे?" म्हणाला. आम्हाला वाटलं सुर्ली घाटच उतरलो.

ट्रॅकवर बहुतेक गाड्या आमच्यापेक्षा चांगल्या. पोलो, स्विफ्ट, रंगवलेल्या, चकचकीत. आमच्या गाडीचं बोनेट एका रंगाचं, दारं दुसऱ्या. तपासणाऱ्यानं पिंजरा हातानं हलवून बघितला, पट्टे ओढले, हेल्मेट बघितलं. पिंजऱ्याचं वेल्डिंग बघून त्यानं दुसऱ्याला बोलावून दाखवलं. दहावीचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही.

पहिल्या दोन फेऱ्या धाकटा असा गेला की मागच्या सगळ्या गाड्या पुढं निघून गेल्या. थोरल्याच्या पोटात गोळा आला. वाटलं, एवढ्या लांब येऊन याचा पाय उठत नाही. तिसऱ्या फेरीत आवाज बदलला. अब्बांनी थोरल्याचा हात धरला. "खोल्या," म्हणाले. चौथ्या फेरीत तो सरळ रस्त्यावरून जो गेला तो आम्हाला फक्त रंग दिसला. बोनेटचा आणि दारांचा वेगवेगळा.

पाचव्या फेरीत गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ ट्रॅकबाहेर, मातीत. धुळीचा लोट उठला. निशाणवाल्यानं पिवळं निशाण हलवलं.

कारण अगदी किरकोळ निघालं. ब्रेकचं ऑइल. जास्त उष्णता सोसणारं ऑइल वेगळं मिळतं, एका बाटलीला हजार-बाराशे. आम्ही चाकांवर बावीस हजार घातले होते आणि ऑइल घातलं होतं रोजच्या गाडीचं. चार फेऱ्यांत ते उकळलं, त्यात बुडबुडे झाले, पेडल थेट तळाला गेलं. आधी कळस, म्हटलं ते हेच. मेस्तरीच्या हातून ही चूक झाली, आणि विज्ञानाच्या मास्तराला द्रवाचा उत्कलनबिंदू आठवला नाही.

पण आम्ही तेव्हा हे काही बघत नव्हतो. थोरला धावत सुटला होता. त्याला कुणीतरी कुंपणाशी अडवलं. धूळ बसायला लागली तेव्हा धाकटा गाडीतून उतरलेला दिसला. त्यानं हेल्मेट काढलं, गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारून बघितली. मग तिथंच मातीत बसला. बराच वेळ उठला नाही. लोकांना वाटलं लागलंय. डबा घेऊन डॉक्टर गेला, त्यालाही त्यानं हातानंच नाही म्हटलं.

ओढून आणलेल्या गाडीबरोबर तो आला तेव्हा डोळे लाल होते. धुळीनं असतील. थोरल्याजवळ येऊन एवढंच बोलला, "भाई, बाजू में जगा थी." आणि पुन्हा, "वां जगा थी रे."

अब्बा बोनेटवर हात ठेवून उभे होते. बोनेट तापलं होतं तरी हात काढला नव्हता. त्यांनी विचारलं, ऑइल इथं कुठं मिळेल? शेजारच्या पोलोवाल्या पोरानं आपल्याकडची अर्धी बाटली दिली. पैसे घेतले नाहीत. तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, आम्ही उर्दूत दुवा दिली, दोघांनाही पुरलं. दुपारी धाकटा आणखी नऊ फेऱ्या मारून आला. नंबर वगैरे काही नव्हता, शर्यतच नव्हती ती, सरावाचा दिवस होता. शेवटच्या फेरीला अब्बांना बाजूला बसवता येईल का विचारलं, तर नियमात बसेना. अब्बा म्हणाले, असू दे, मला त्याचं चालवणं बाहेरून बघायचंय.

परतीच्या दुसऱ्या रात्री कऱ्हाड सोडलं. सुर्ली घाट उतरल्यावर धाकट्यानं ड्रायव्हरला सांगितलं, पुढं दगडी पूल आहे, तिथं जरा बाजूला घ्या. ड्रायव्हर म्हणाला, इथं बाजू कुठली, वळणावरच थांबावं लागंल. मग पूल ओलांडून पुढं, शेताच्या वाटेवर टेम्पो उभा केला. आम्ही तिघे मागं चालत आलो. ऊस तोडणीला आला होता, रस्त्याला वास होता. फातेहा म्हटली. अब्बांनी थोडी मोठ्यानं म्हटली. एक मोटारसायकल गेली, वेगात, मागं दोघं बसलेले. धाकटा तिचा आवाज पार फाट्यापर्यंत ऐकत राहिला.

घरी पोहोचलो तेव्हा फजरची अजान होत होती. फळ्या लावून गाडी उतरवली. भाभी दारात उभी. तिनं गाडीकडं, तिला लागलेल्या तांबड्या मातीकडं बघितलं आणि म्हणाली, आधी हात-पाय धुवा, मग चहा. सकाळी नऊ वाजता त्या मुलाची अम्मी दारावरून गेली. आम्ही गाडी धुवत होतो. ती थांबली. "ये वोईच गाडी क्या?" तिनं विचारलं. धाकटा पाइप हातात धरून उभा राहिला, पाणी त्याच्या पायावर पडत होतं. हौ, खाला, म्हणाला.